निरोगी बायकांची यादी

परवा नातीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "आजी, ऑफिसात सगळ्यांच्या टेस्ट केल्या. माझा थायरॉइड बघ ना. नॉर्मल आहे?"

नात कॉम्प्युटरवाली. मराठी बोलते फाडफाड, पण वाचायला बसली की दुकानांच्या पाट्या वाचल्यासारखं एकेक अक्षर लावते. म्हणूनच हे सगळं मी मराठीत लिहिते आहे. तिचं वाचून होईपर्यंत टोमणे ऐकायला मी नसणार.

चष्मा लावून पाहिलं. आकडा होता, आणि शेजारी बारीक अक्षरांत 'इथपासून इथपर्यंत नॉर्मल' अशी हद्द. मी म्हटलं, "आकडा चांगला आहे. पण ही शेजारची हद्द कुणाच्या रक्तावरून काढली, ते विचारलंस का?"

"लॅबनेच काढली असेल ना."

"लॅब म्हणजे कोण?"

"आजी, तू पण ना!" असं म्हणून ती चपला घालू लागली. जाता जाता मी सहज विचारलं, "थकवा येतो का गं?"

"सगळ्यांनाच येतो ना, आजी."

ती गेली, आणि मी तिथेच बसून राहिले. हे वाक्य मी पूर्वी दहा-बारा बायकांच्या तोंडून ऐकलेलं होतं. तेव्हा लॅब म्हणजे मी होते. निदान मला तसं वाटायचं.

तेव्हाची मी म्हणजे एक प्रकरणच होतं. पुण्याची, जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी., आणि लग्न होऊन हैदराबादला बरकतपुऱ्यात आलेली. सासरची माणसं मूळची मराठवाड्याची, पण निजामाच्या काळापासून इथलीच. सासूबाई "काय करायलीस?" म्हणायच्या, आणि मी नव्या नवरीच्या जिभेने "काय करते आहेस" असं त्यांना सुधारून द्यायची. महिनाभर त्यांनी ऐकून घेतलं. मग एकदा पाटावर बसता बसता म्हणाल्या, "तू दुरुस्त करत बैस. तवर मी जेवून घेते."

नामपल्लीच्या बाजूला एका दवाखान्याच्या मागच्या इमारतीत हार्मोनच्या विकारांवर संशोधन चालायचं. तिथे मी तांत्रिक सहायक होते. कामात किरणोत्सारी आयोडीन वापरायचं, म्हणून छातीवर एक बिल्ला लावावा लागे. अंगावर किती किरण पडले ते त्यातल्या फिल्मवरून कळायचं. घरी जाताना तो काढून ठेवायचा असा नियम होता. मी तो लावून मुद्दाम भाजी घ्यायला जायची. भाजीवाली एकदा म्हणाली, "क्या अम्मा, कंडक्टर बन गये क्या?" तरी माझी मान खाली आली नाही.

आमचं काम काय, ते मी घरी एका उदाहरणाने समजावून सांगितलं होतं, आणि ते सासूबाईंना अजिबात आवडलं नव्हतं. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी म्हणजे घरातली सून. अंगातली ऊब, चपळाई, केस, आवाज, पाळी, सगळ्यांचं तिने बघायचं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी दुसरी ग्रंथी बसलेली असते, ती सासू. सून नीट काम करत असली की सासू हळू बोलते. सून मंदावली की सासूच्या हाका वाढतात. त्या हाकांचं नाव टी.एस.एच. आम्ही रक्तातल्या हाका मोजायचो. हाका फार झाल्या, म्हणजे सून थकली.

"सून थकली म्हणे," सासूबाई म्हणाल्या. "हाका मारून सासूचा घसा बसला, ते कुणी मोजलं?"

आता किती हाका म्हणजे फार? ते आधी ठरवावं लागतं. धडधाकट माणसांच्या हाका मोजायच्या, त्यांवरून वरची रेघ आखायची, आणि मग आजाऱ्याचा आकडा त्या रेघेशी ताडून पाहायचा. ही रेघ प्रत्येक लॅबने आपल्या भागातल्या माणसांवरून आखावी, असा आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंचा आग्रह. त्या इथल्याच, तेलुगू. बोलायच्या कमी, आणि बोलल्या की 'एम्मा', म्हणजे 'काय गं', अशी सुरुवात करायच्या. ती हाक मायेची की रागाची, ते पुढचं वाक्य आल्यावर कळायचं.

त्यांनी मला छापील फॉर्मांचा गठ्ठा दिला. "एम्मा, निरोगी बायका हव्यात. वीस ते पन्नास वयाच्या. एकमेकींच्या नात्यातल्या नकोत. प्रत्येकीला हे बारा प्रश्न विचारायचे. एकाचंही उत्तर 'हो' आलं तर ती बाद. चार महिने घे."

मी म्हटलं, "मॅडम, मला एक दिवस पुरे."

संक्रांत जवळ आली होती.

सासूबाईंकडे एक वही होती. बरकतपुऱ्यापासून नल्लकुंट्यापर्यंतच्या मराठी घरांची, हळदीकुंकवाला कुणाकुणाला बोलवायचं त्याची. मी ती वही उघडली आणि तीच माझी निरोगी बायकांची यादी ठरवून टाकली. बाई आपल्या पायांनी जिना चढून येते, तिळगूळ खाते, शेजारणीच्या साडीला नावं ठेवते, म्हणजे ती निरोगी. माझं शास्त्र एवढं सोपं होतं.

"सणाचं बायांचं रक्त काढायलीस?" सासूबाई म्हणाल्या. "नक्को ते."

"आई, संशोधन आहे. देशाच्या कामाचं आहे."

"देशाला आमचंच रक्त सापडलं का?"

शेवटी तोड निघाली. आधी सुई, मग कुंकू. आणि वाण म्हणून झाकण टपकन बसणारे, नुकतेच बाजारात आलेले प्लास्टिकचे डबे. त्या वर्षांत दुकानांतून रोज काहीतरी नवं दिसायचं, आणि घरोघरी त्याची चर्चा व्हायची. डब्यांची बातमी वहीतल्या शेवटच्या नावापर्यंत पोचली. एकही बाई सुईला घाबरून मागे राहिली नाही.

बाहेरच्या खोलीत हळदीकुंकू, मधल्या खोलीत मी सुई घेऊन, आणि मदतीला वन्सं.

वन्सं म्हणजे ह्यांच्या पाठची बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, तेव्हापासून माहेरीच. जवळच्या एका मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवायच्या. आवाज असा की त्यांनी वर्गात कविता म्हणायला सुरुवात केली की रस्त्यावरचा पेरूवाला गाडा थांबवून ऐकायचा. हळदीकुंकवाला त्या बाहेर येऊन बसत नसत. 'बसू नका' असं त्यांना कुणी म्हटलेलं नव्हतं, आणि 'या' असंही कुणी म्हटलेलं नव्हतं. दर वर्षी त्या आत तिळाच्या वड्या थापायच्या. त्या वर्षी मी त्यांना बढती दिली. नळ्यांवर नंबर चिकटवायचे, कापूस दाबून धरायचा आणि घाबरलेल्या बाईशी बोलत राहायचं.

प्रश्न मी विचारत होते. ते असे.

"थकवा येतो का?"

"येतो की. कुणाला येत नाही?"

"पण तसा नाही ना?"

"तसा म्हणजे कसा?"

"म्हणजे नाहीच," असं म्हणून मी 'नाही'वर खूण करायची.

केस गळतात? "बाळंतपणानंतर सगळ्यांचेच गळतात." नाही. थंडी फार वाजते? "आता संक्रांतीला वाजणारच." नाही. घरात कुणाला गळ्याचं दुखणं? "आत्याच्या गळ्याला गोळा होता, पण ती औरंगाबादला असते." औरंगाबाद फार लांब. नाही.

दहा-बारा बायकांनंतर मी विचारायचंही सोडलं. नाव, वय, सही, आणि बारा 'नाही' एका दमात. माझा हात हलका होता, शीर पहिल्या झटक्यात सापडायची, आणि त्या कौतुकात मी इतकी फुगले होते की बायका माझ्याकडे न बघता कापूस धरणाऱ्या वन्संशी बोलताहेत, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पस्तीस नळ्या भरल्या. पहिला नंबर माझाच, कारण माझ्याहून निरोगी कोण? दोन नळ्या उरल्या.

"वहिनी, दोन उरल्यात," वन्सं म्हणाल्या. "माझं घेता का?"

"यादी पूर्ण झाली, वन्सं."

त्यांनी त्या नळ्या पुसून पेटीत ठेवल्या. मला तेव्हा काही वाटलं नाही. वाटलं असतं तर आज लिहायला बरं झालं असतं, पण नाही वाटलं.

त्या पस्तीस जणींवरून आमची वरची रेघ बारावर आली. डॉक्टरबाईंनी भुवई उचलली. "एम्मा, जरा वर नाही वाटत?" मी म्हटलं, "आपल्या बायका वेगळ्या असतील, मॅडम." आमच्या भागात असं मोजमाप आधी कुणी केलेलं नव्हतं. रेघ कायम झाली. पुढचं वर्षभर बाराच्या आतला प्रत्येक कागद माझ्या टेबलावर आला की मी त्यावर 'नॉर्मल'चा शिक्का मारायची. शिक्का असा दणदणीत मारायची की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळायचा.

त्याच वर्षात वन्सं बदलत गेल्या. आधी झोप वाढली. शाळेतून आल्या की साडीही न बदलता आडव्या व्हायच्या. मग चेहरा सुजरा दिसू लागला, अंबाडा लिंबाएवढा झाला. हैदराबादच्या मे महिन्यात त्या पंख्याखालून उठून भिंतीशी जाऊन बसायच्या. आणि आवाज जाड झाला, घोगरा झाला. वर्गात कविता अर्ध्यावर सोडून त्या फळ्यावर लिहून देऊ लागल्या. सासूबाईंनी मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, ज्येष्ठमध, सगळं करून पाहिलं.

आणि मी? रविवारी दुपारी मी तीन तास झोपायची, ती कष्टाची झोप. वन्सं झोपल्या की तो आळस. मी त्यांना म्हणायची, "वन्सं, जरा मनावर घ्या. फिरायला जात चला." वर ह्यांनाही ऐकवायची, "तुमची बहीण हल्ली अंग राखून असते."

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापिकाबाईंनी वन्संना बोलावून घेतलं. घरी येऊन त्यांनी जेवताना सांगितलं, ताटाकडे बघत. "बाई म्हणाल्या, पालक मुलं काढून इंग्रजी शाळांत घालायलेत. मला वर्गात आवाज पाहिजे. आजार असेल तर डॉक्टरचा कागद आणा, रजा देऊ. आजार नसेल तर जूनपासून मला दुसरी बाई बघावी लागेल. मार्च संपेस्तोवर सांगा."

वन्संनी भात कालवला आणि तसाच ठेवला. शाळा ही एकच जागा होती जिथे त्या सगळ्यांच्या समोर जाऊन उभ्या राहायच्या.

"हात्तिच्या," मी म्हटलं. "आपली लॅब कशाला आहे?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांचं रक्त नेलं. मोजलं. आकडा आला अकरा.

अकरा म्हणजे बाराच्या आत. मी शिक्का मारला, कागद पिशवीत घातला आणि घरी येऊन जाहीर केलं, "वन्सं, अभिनंदन! तुम्हांला काहीही झालेलं नाही."

त्यांनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली. "काहीच नाही?"

"काहीच नाही. मनाचं आहे सगळं."

"मन घोगरं होतं का हो, वहिनी?"

मी हसले. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. आजाराचा पुरावा मागितला होता, आणि मी त्यांच्या हातात आजार नसल्याचा पुरावा दिला होता, माझ्या शिक्क्याचा. त्यांनी तो लगेच शाळेत दिला नाही. महिना गेला, दुसरा गेला. पर्स उघडली की घडीचं टोक दिसायचं.

फेब्रुवारीत लॅबच्या दारात एक टाय बांधलेला माणूस उभा राहिला. पूर्वी रक्त तपासायचं परदेशी किट मागवायचं म्हणजे परवान्याच्या अर्जांतच वर्ष जायचं. आता कंपनीचा माणूसच किट, कॅलेंडर आणि पेन घेऊन आपल्या पायांनी येत होता. किटसोबत चकचकीत माहितीपत्रक होतं. त्यावर टी.एस.एच.ची वरची रेघ छापलेली होती. पाच.

मी ते वाचून मोठ्याने हसले. "मॅडम, त्यांच्या बायका वेगळ्या, आपल्या वेगळ्या. कोल्ड्रिंक येतंय, बूट येताहेत, आता निरोगी कोण तेही बाहेरून मागवायचं का?" चहाच्या टेबलावर ह्या वाक्याला टाळ्या मिळाल्या. डॉक्टरबाईंनी टाळी वाजवली नाही. त्यांनी माझ्या पस्तीस बायकांच्या गोठवून ठेवलेल्या नळ्या काढायला लावल्या, आणि जुन्या किटने व नव्या किटने पुन्हा मोजायला सांगितलं.

दोन्हींचे आकडे जवळपास सारखेच आले. म्हणजे मोजणीत चूक नव्हती.

"एम्मा, ते फॉर्म आण."

मराठी आडनावांवरून त्यांना काही कळण्यासारखं नव्हतं. त्या नुसत्या पानं उलटत गेल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "पस्तीस बायका, प्रत्येकीला बारा प्रश्न. एकही 'हो' नाही. सगळं एका शाईत. हा फॉर्म मी माझा भरला तर माझीच चार 'हो' येतील. ह्या बायका कोण आहेत?"

"निरोगी आहेत, मॅडम."

"तुला कुणी सांगितलं?"

मी फॉर्मांची चळत सरळ करू लागले.

"घरी जा," त्या म्हणाल्या. "विचारून ये."

मी फॉर्म घेऊन घरी आले तेव्हा वन्सं शाल पांघरून टेबलाशी गवार मोडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर गठ्ठा ठेवला, सगळ्यांत वरचा माझा फॉर्म बाजूला केला आणि खालचं नाव वाचलं. माझ्याशीच बोलल्यासारखं म्हटलं, "ही नल्लकुंट्याची. हिला कुठला आलाय थकवा!"

वन्संनी मान वर केली नाही. "हिचे केस मूठमूठ जातात. कापूस धरला तेव्हा बोलली."

मी पुढचं नाव वाचलं.

"ही आत दोन स्वेटर घालून आली होती. तुम्ही बाही वर करायला सांगितली तेव्हा दिसले की."

"ही?"

"हिची पाळी दोनदोन महिने लांबते. आईच्या गळ्याला गोळा आहे. आणि ह्याच्यानंतरची हिची सख्खी मावसबहीण. त्याच्यानंतरची तिची जाऊ, पण आधी मामेबहीण."

मी फॉर्मांचे ढीग लावायला घेतले, नात्यानात्याने. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत. शोधायला बसलं तर कोण कुणाचं कोण नाही? माझा सोडून चौतीसही फॉर्म चार ढिगांत बसले. चार घरं. हे दुखणं घराण्यातून चालत येतं, हे वाक्य मी एम.एस्सी.ला असताना पुस्तकात लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेलं होतं.

"तुम्हांला हे सगळं कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. तुम्ही विचारत होतात आणि त्या मला सांगत होत्या."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

वन्संनी एक शेंग मोडली. "तुम्ही मला नळ्यांवर नंबर लावायला सांगितलं होतं."

त्यांच्या घोगऱ्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता आलं असतं. अर्ध्याअधिक त्यांच्यासारख्याच थकलेल्या बायकांवरून मी बाराची रेघ आखली होती, आणि त्या रेघेखाली अकरा आले म्हणून त्यांना धडधाकट ठरवलं होतं. ज्या बायकांत त्यांना कधी बसवून घेतलं नाही, त्यांच्याच मापाने त्यांना मोजलं होतं.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात कधीच्या येऊन उभ्या होत्या. "म्हणजे पोरीला खरंच दुखणं हाय?"

"आहे, आई."

"आन् तू शिक्का मारलीस?"

"मारला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या. एरवी एका वाक्याला चार टोमणे मारणारी बाई, त्या दिवशी एकही नाही. ते फार जड गेलं.

वन्संनी पर्स उघडली, घडी बाहेर काढली. "मग हा शाळेत देऊ नको ना?"

मी तो फाडला.

दुसऱ्या दिवशी चारही ढीग डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवून मी सगळं सांगितलं. हळदीकुंकू, डबे, औरंगाबादची आत्या, वन्सं. त्या ओरडल्या नाहीत. वर्षभराचं रजिस्टर मागवलं आणि माझ्या हातात लाल पेन्सिल दिली. पाच ते बारामधल्या प्रत्येक नावापुढे खूण करायला सांगितलं. खुणा पानापानावर होत गेल्या.

"ह्यांना सगळ्यांना कार्ड टाक. तुझ्या अक्षरात. आमच्याकडून चूक झाली, पुन्हा तपासायला या, असं लिही."

"आमच्याकडून की माझ्याकडून, मॅडम?"

"शिक्का कुणाचा होता?"

"लॅबचा."

"मग आमच्याकडून."

कार्डं लिहिता लिहिता माझं अक्षर सुधारलं. पुष्कळ जणी आल्या. काही कार्डं पत्ता सापडला नाही म्हणून परत आली. काहींचं पुढे काय झालं, ते मला आजही माहीत नाही. एखादीने तो दणदणीत शिक्का बघून 'मला काही झालेलंच नाही' असं मनाशी म्हटलं असेल आणि शाल पांघरून कामाला लागली असेल.

पहिली तपासणी वन्संची. आकडा आता आणखी वर गेला होता. माझ्या बारालाही ओलांडून. डॉक्टरबाईंनी त्यांचा गळा चाचपला, मग त्यांना खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं आणि घोट्याच्या मागे छोट्या हातोडीने टकटक केलं. पाऊल पटकन उडालं, पण जागेवर परत यायला मात्र आळसावल्यासारखं रेंगाळलं.

"बघितलंस?" त्या मला म्हणाल्या. "ह्याला किट लागत नाही, एम्मा. बाईकडे बघावं लागतं."

त्यांनी गोळी लिहून दिली, रोज सकाळी उपाशीपोटी. आणि शाळेसाठी कागद. मार्च संपायला आठच दिवस उरले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी तो दोनदा वाचला म्हणे, आणि जूनपर्यंत रजा मंजूर केली. पण जूनमध्ये आवाज ऐकूनच पुढचं ठरवू, असंही सांगितलं.

मला वाटलं होतं, गोळी पोटात गेली की चार दिवसांत वन्सं गायला लागतील. तीन आठवडे काहीच झालं नाही. रोज सकाळी मी त्यांच्या तोंडासमोर उभी राहायची, "बोला, वन्सं, काहीतरी बोला." त्या म्हणायच्या, "बाजूला व्हा." तेही घोगरंच. आता मला भीती वाटू लागली. जून जवळ येत होता.

मग मे महिन्यातल्या एका दुपारी वन्सं भिंतीजवळून उठल्या आणि वैतागून म्हणाल्या, "अहो, पंखा लावा ना कुणीतरी. किती उकडायलंय!"

सासूबाई आत गेल्या आणि साखरेचा डबा घेऊन आल्या. मे महिन्यात हैदराबादला कुणी उकडतंय म्हणालं म्हणून साखर वाटणारं आमचं एकच घर असावं.

जूनमध्ये वन्सं शाळेत गेल्या. वरच्या पट्टीतले सूर कधीच पूर्ण परत आले नाहीत. पण वर्ग भरण्याइतका आवाज आला, आणि त्यांची जागा राहिली. पुढे बरीच वर्षं राहिली.

निरोगी बायकांची यादी आम्ही पुन्हा केली. ह्या वेळी खरोखर चार महिने लागले. गल्लीतल्या तेलुगू शेजारणी, समोरच्या घरातल्या खाला, शाळेतल्या बाई, नर्सबाई. सवाष्ण, विधवा, बिनलग्नाच्या, सगळ्या. सुई माझ्याकडे होती, पण प्रश्न वन्संनी विचारायचे, असा डॉक्टरबाईंचा हुकूम. वन्सं फॉर्म बाजूला ठेवायच्या, आधी चहा द्यायच्या, आणि मग नुसत्या बसायच्या. बाई आपोआप बोलायला लागायची. बाद होणाऱ्याच जास्त निघाल्या. नवी रेघ पाचाच्या आसपास आली.

आणि जुन्या यादीतली पहिली नळी, माझी? तिचा आकडा नऊ होता. माझ्या रविवारच्या कष्टाच्या झोपेचा खुलासा झाला. डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "एम्मा, तू पण," आणि मलाही तीच गोळी लिहून दिली. सासूबाई मात्र महिनाभर बोलत होत्या.

पुढच्या संक्रांतीला सासूबाईंनी बाहेरून हाक मारली, "अगं ए, वाण घेऊन ये. माझे पाय दुखायलेत." हाक मला नव्हती. वन्सं ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत आल्या. तिथे थांबल्या, मग आल्या.

आता वन्सं नल्लकुंट्यात भाचीकडे राहतात. रोज सकाळी साडेपाचला त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "वहिनी, गोळी?"

काल त्यांना नातीचं सांगितलं. आकडा चांगला आहे, पण थकवा येतो का विचारलं तर म्हणते, सगळ्यांनाच येतो.

"रविवारी पाठवा तिला," वन्सं म्हणाल्या. "मी विचारते. आणि तुम्ही गोळी घेतलीत?"

"घेतली की."

"आवाज झोपेतला येतोय, वहिनी."

मी अंथरुणातून उठले आणि पाणी घ्यायला गेले.